इन्सुलिनोमा : शस्त्रक्रिया आणि नंतरचे दिवस

इन्सुलिनोमा म्हणजे स्वादुपिंडातील बीटा पेशींची गाठ. निरोगी बीटा पेशी रक्तातली साखर वाढली की इन्सुलिन सोडतात आणि साखर उतरू लागली की हात आखडता घेतात. गाठीतल्या पेशींना हा धरबंध राहत नाही. माणूस उपाशी असो, झोपलेला असो की शेतात राबत असो, गाठीतून इन्सुलिन झिरपत राहते आणि साखर खाली जात राहते. गाठ बहुधा एकच असते. दहातल्या नऊ रुग्णांत ती कर्करोगाची नसते. तिचा आकारही सहसा दोन सेंटिमीटरच्या आत, म्हणजे हरभऱ्याच्या दाण्यापासून बोराएवढा असतो. दर दहा लाख लोकांमागे वर्षाला एक ते चार नवे रुग्ण, इतका हा आजार विरळा आहे. लाख-दीड लाख वस्तीच्या तालुक्यात काही वर्षांतून एखादा रुग्ण निघायचा. नागपूर जिल्ह्यातल्या उमरेडमध्ये आयुष्यभर दवाखाना चालवलेल्या डॉक्टरने एकही इन्सुलिनोमा पाहिलेला नसेल, तर त्यात नवल नाही.

इतक्या दुर्मीळ आजाराची सविस्तर ओळख करून घेण्याचे कारण एकच. साखरेच्या बहुतेक विकारांत औषध जन्मभर चालते. इथे गाठ पूर्ण निघाली की आजारच संपतो. मात्र ती काढण्यासाठी आधी आजार सिद्ध व्हावा लागतो, मग गाठीची जागा कळावी लागते आणि त्यानंतरच चाकू हाती घ्यायचा असतो. हा क्रम उलटला की काय होते, याची उदाहरणे शल्यचिकित्सेच्या इतिहासात भरपूर आहेत.

आजाराची लक्षणे दोन थरांची असतात. साखर उतरू लागली की आधी घाम, हाताची थरथर, छातीत धडधड, भुकेचा डोंब. त्याहून खाली गेली की मेंदूला साखर पुरत नाही: बोलणे अडखळते, एकाचे दोन दिसतात, माणूस ओळखीच्या घरात गोंधळतो, विनाकारण चिडतो, फिट येते, शुद्ध हरपते. गोम अशी की साखर वारंवार उतरत राहिली तर शरीर पहिला इशारा देणेच सोडून देते. घाम नाही, थरथर नाही, थेट गोंधळ. घरच्यांना दिसतो तो हा दुसरा थर, आणि म्हणून रुग्ण साखरेच्या डॉक्टरकडे जातच नाही. त्याला मिरगीच्या गोळ्या सुरू होतात, मानसोपचार होतात, कुठे अंगारा-धुपारा होतो. निदान होईपर्यंत काही महिने नव्हे, वर्षेही जातात.

झटका बहुधा पहाटे किंवा जेवण लांबले की येतो. उमरेडच्या कोळसा खाणीत पहिल्या पाळीला उपाशीपोटी निघालेला डंपरचालक, हरतालिकेचा निर्जळ उपास धरलेली गृहिणी, रोज सकाळी हलवूनही न उठणारा आणि गोड चहा घोटघोट पाजला की पाच मिनिटांत शहाण्यासारखा बोलू लागणारा म्हातारा, ही या आजाराची खरी चित्रे. काही रुग्ण खाल्ले की बरे वाटते हे नकळत शिकलेले असतात. खिशात गूळ-शेंगदाणे, उशाशी बिस्किटे. त्यांचे वजन वाढते आणि मग चारचौघांत त्यांच्या खादाडपणाची थट्टा होते.

या गोंधळात वाट काढणारा नियम न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक अ‍ॅलन व्हिपल यांनी १९३०च्या दशकात घालून दिला. साखर उतरल्याची लक्षणे असावीत, त्याच वेळी रक्तातील साखर प्रत्यक्ष कमी मोजली गेलेली असावी, आणि साखर दिल्यावर लक्षणे जावीत. हे तीन मिळून व्हिपलची त्रयी. तिचा जन्म धास्तीतून झाला. इन्सुलिनचा शोध लागून जेमतेम दशक-दीड दशक झाले होते, 'इन्सुलिन जास्त होणे' हा नवा आजार सर्वांच्या तोंडी होता आणि चक्कर येते म्हटल्यावर पोट उघडले जात होते. व्हिपल यांना हे हात आवरायचे होते.

त्याआधीची पायरी अशी. पॉल लांगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याने १८६९ साली स्वादुपिंडातील पेशींची बेटे वर्णन केली. १९२१-२२मध्ये टोरांटोत इन्सुलिन हाती आले. मधुमेह नसलेल्या माणसालाही इन्सुलिनच्या अतिरेकाने त्रास होऊ शकतो, असे अमेरिकेतील सील हॅरिस यांनी १९२४मध्ये मांडले. १९२६मध्ये रॉचेस्टरच्या मेयो क्लिनिकमध्ये (नागपूरच्या मेयो रुग्णालयाशी त्याचा संबंध नाही) विल्यम मेयो यांनी एका रुग्णाचे पोट उघडले. हा रुग्ण स्वतः शल्यचिकित्सक होता. गाठ यकृतात पसरलेली निघाली आणि तो वाचला नाही. परंतु त्या गाठींच्या अर्काने सशाची साखर उतरली आणि आजाराचे मूळ निर्विवाद ठरले. १९२९मध्ये रॉस्को ग्रॅहम यांनी अशी गाठ काढून रुग्ण पूर्ण बरा केला. तेही टोरांटोतच, इन्सुलिन सापडले त्याच गावात.

आज त्रयीतली दुसरी अट गावपातळीवर पुरी होऊ शकते, कारण ग्लुकोमीटर घरोघरी पोचला आहे. झटका आलेला असताना, साखर खाऊ घालण्याच्या आधी बोटाच्या टोकावरून घेतलेला एक आकडा पुढच्या साऱ्या तपासाची दिशा ठरवतो. रुग्ण शुद्धीवर आल्यावर, चहा-बिस्किटे झाल्यावर केलेली तपासणी हमखास 'नॉर्मल' येते आणि सगळ्यांची दिशाभूल करते. अर्थात बेशुद्ध माणसाला मोजणीसाठी ताटकळत ठेवायचे नाही. टोचायला आणि वाचायला अर्धा मिनिट पुरतो. गिळता येत नसलेल्याच्या तोंडात साखरपाणी ओतायचे नाही, ते श्वासनलिकेत जाते. त्याला दवाखान्यात शिरेतून ग्लुकोजच द्यावे लागते.

मात्र ग्लुकोमीटरचा आकडा इशारा असतो, पुरावा नव्हे. साखर खालच्या टप्प्यात असताना ही यंत्रे चुकतात आणि उन्हात राहिलेल्या पट्ट्या तर अधिकच. पुरावा हवा प्रयोगशाळेचा, आणि तिथे विदर्भाचा उन्हाळा आडवा येतो. काढलेल्या रक्तातल्या पेशी जिवंत असतात आणि नळीतली साखर खात राहतात. साध्या नळीत ती तासाला पाच ते सात टक्क्यांनी घटते, उकाड्यात त्याहून भरभर. मे महिन्यात उमरेडहून साधारण पन्नास किलोमीटरवरच्या नागपूरला बसच्या डिकीतून पाठवलेला नमुना प्रयोगशाळेत पोचेपर्यंत निरोगी माणसालाही रुग्ण ठरवू शकतो. म्हणून साखरेसाठी राखाडी झाकणाची फ्लोराइडची नळी वापरतात आणि रक्तद्रव लवकर वेगळा करतात. इन्सुलिनच्या नमुन्याचे दुखणे उलटे. तांबड्या पेशी फुटल्या तर त्यांच्यातले द्रव्य इन्सुलिन नष्ट करते आणि आकडा खोटा कमी येतो. तो नमुना बर्फात न्यावा लागतो. निदानाचा एवढा मोठा डोलारा नमुन्याच्या नळीवर उभा असतो, आणि ही बाब पाठ्यपुस्तकांत दोन ओळींत उरकलेली असते.

साखर उतरण्याची इतर कारणे आधी वगळावी लागतात. मधुमेहाच्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चुकून दुसऱ्याच्या पोटात जातात; घरात आजोबांचा आणि नातवाचा औषधांचा डबा एकच असतो. मूत्रपिंड किंवा यकृत निकामी होणे, अधिवृक्क ग्रंथी मंदावणे, जठराची शस्त्रक्रिया झालेली असणे, ही आणखी कारणे. एक कारण भारतात विशेष ध्यानात ठेवण्याजोगे आहे: शरीरात इन्सुलिनविरुद्ध प्रतिपिंडे तयार होणे. जपानच्या हिराता यांनी १९७०मध्ये वर्णन केलेला हा विकार अल्फा लिपोइक आम्लाने उद्भवू शकतो, आणि हातापायांच्या मुंग्यांवर लिहून दिल्या जाणाऱ्या अनेक कॅप्सुलांत हे द्रव्य असते. असा रुग्ण कॅप्सूल बंद केल्यावर बरा होतो. त्याचे पोट उघडणे हा अपराधच.

सिद्धतेची मुख्य चाचणी म्हणजे देखरेखीखालचा ७२ तासांचा उपास. तो घरी करायचा नसतो. रुग्णाला दाखल करून फक्त पाणी देतात, वॉर्डात हिंडतेफिरते ठेवतात आणि ठरावीक वेळाने रक्त घेतात. सुमारे दोन-तृतीयांश रुग्णांत २४ तासांतच निकाल लागतो, ४८ तासांत जवळपास ९५ टक्क्यांत. साखर ५५ मिलिग्रॅमच्या खाली उतरलेली असताना इन्सुलिन तीन एककांहून अधिक आणि सी-पेप्टाइड ०.६ नॅनोग्रॅमहून अधिक असेल, तर शरीर स्वतःच नको तेव्हा इन्सुलिन बनवत आहे हे ठरते. सी-पेप्टाइड हा इन्सुलिन तयार होताना सुटणारा तुकडा. बाहेरून टोचलेल्या इन्सुलिनमध्ये तो नसतो, म्हणून चोरून घेतलेले इंजेक्शन इथे उघडे पडते. गोळ्यांनी मात्र दोन्ही आकडे वाढतात, त्यामुळे त्याच रक्तात गोळ्यांचा अंश वेगळा शोधावा लागतो. शेवटी साखर चढवणाऱ्या ग्लुकॅगॉन या संप्रेरकाचे इंजेक्शन देतात. साखर २५ मिलिग्रॅमने किंवा अधिक चढली, तर यकृतातला साठा इन्सुलिनने कुलूपबंद ठेवला होता हे कळते.

येथपर्यंत गाठ कोणी पाहिलेली नसते, आणि पाहण्याची घाईही नको. उपासाच्या चाचणीआधी केलेला सीटी स्कॅन दोन्हीकडून फसवतो. छोटी गाठ त्यात सुटते, तर निरुपद्रवी ठिपका गुन्हेगार ठरतो. चाचणी पक्की झाल्यावर स्वादुपिंडासाठी खास पद्धतीने केलेला सीटी किंवा एमआरआय पहिला. गाठीला रक्तपुरवठा भरपूर असल्याने रंगद्रव्य धमनीतून जात असतानाच्या क्षणी ती उजळ दिसते. तो क्षण हुकला की गाठ आसपासच्या मांसात मिसळून जाते. पुढची पायरी एंडोस्कोपिक सोनोग्राफी. दुर्बीण जठरात आणि ड्युओडेनममध्ये, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, उतरवून तिच्या टोकावरच्या सोनोग्राफीने स्वादुपिंड जवळून न्याहाळतात. स्वादुपिंडाच्या डोक्याकडच्या गाठी तिला छान सापडतात, शेपटीकडच्या कधी निसटतात.

त्याहीनंतर जागा सापडली नाही तर एक्सेंडिन पेट स्कॅन असतो. बीटा पेशींवरच्या जीएलपी-१ ग्राहकाला चिकटणारे एक्सेंडिन-४ हे प्रथिन १९९०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकी वाळवंटातल्या गिला मॉन्स्टर या विषारी सरड्यापासून मिळाले. त्याला गॅलियमचे किरणोत्सारी अणू जोडले की गाठ पडद्यावर चमकते. या तपासणीवरच्या जगभरातल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२१च्या सुमारास मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या अंतःस्रावशास्त्र विभागातूनच प्रसिद्ध झाला. दिल्लीच्या एम्सने २००६मध्ये ३१ इन्सुलिनोमा रुग्णांचा अनुभव छापला होता. देशातल्या सर्वांत मोठ्या रुग्णालयांपैकी एकाकडेही तेव्हा एवढीच शिदोरी होती, यावरून आजाराचे विरळेपण ध्यानात यावे. एक्सेंडिन पेट स्कॅन अजून मोजक्याच केंद्रांत होतो.

शस्त्रक्रियेच्या तारखेपर्यंत साखर सावरावी लागते. दर दोन-तीन तासांनी थोडे खाणे, मध्यरात्री गजर लावून उठणे, झोपताना न शिजवलेले कॉर्नफ्लोअर पाण्यात कालवून घेणे (ते हळूहळू पचते), हे घरगुती उपाय खरोखर उपयोगी पडतात. औषधांत डायझॉक्साइड प्रमुख. ते इन्सुलिन रोखते, पण अंगावर सूज आणते आणि केस वाढवते. तरुण मुली त्यामुळे ते सोडून देतात. ऑक्ट्रिओटाइड काहींना लागू पडते, काहींची साखर उलट आणखी उतरवते. वाहन चालवणे, विहिरीवर किंवा उंचावर काम करणे तोवर बंद.

शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री उपास असतो, म्हणून ग्लुकोजची सलाइन लावूनच रुग्णाला ठेवतात. पोट उघडून किंवा दुर्बिणीने जठराखालचा पडदा सोडवला की स्वादुपिंडाचा पिवळसर, खडबडीत पृष्ठभाग समोर येतो. ड्युओडेनम उचलून डोक्याचा भाग मोकळा केला जातो आणि शल्यचिकित्सक दोन्ही हातांच्या बोटांमध्ये स्वादुपिंड धरून चाचपतो. गाठ आजूबाजूच्या मांसापेक्षा घट्ट लागते. पृष्ठभागावर असेल तर तांबूस-तपकिरी दिसते. सोबत शस्त्रक्रियेदरम्यानची सोनोग्राफी अत्यावश्यक. ती गाठ तर दाखवतेच, पण गाठ आणि स्वादुपिंडाची मुख्य नलिका यांच्यातले अंतरही दाखवते, आणि पुढचा सारा निर्णय या अंतरावर असतो.

अंतर दोन-तीन मिलिमीटरहून अधिक असेल तर गाठ नुसती सोलून काढतात. ती बहुधा पातळ आवरणात बसलेली असते. बारीक रक्तवाहिन्या एकेक बंद करत तिला सुटी करायची आणि स्वादुपिंड जवळजवळ अखंड ठेवायचे. इन्सुलिनोमासाठी ही आदर्श शस्त्रक्रिया. गाठ नलिकेला खेटून असेल आणि शेपटीकडे असेल तर तो भाग कापून काढतात, शक्यतो प्लीहा वाचवून. डोक्याकडच्या अडचणीच्या गाठीला क्वचित व्हिपल यांच्याच नावाची मोठी शस्त्रक्रिया लागते, ज्यात ड्युओडेनम आणि पित्तनलिकेचा भागही जातो. बोराएवढ्या निरुपद्रवी गाठीसाठी एवढी किंमत मोजणे शल्यचिकित्सक टाळतात, आणि ते योग्यच. पूर्वी गाठ सापडली नाही की अंदाजाने शेपटीकडचा अर्धा भाग काढून टाकत. गाठी डोके, मध्य आणि शेपूट यांत साधारण सारख्याच विखुरलेल्या असल्याने हा जुगार अनेकदा हरला जाई. रुग्णाच्या वाट्याला आजारही राही आणि मधुमेहही. आता गाठ न सापडल्यास पोट शिवून पुन्हा तपास करतात.

दुर्बिणीची शस्त्रक्रिया १९९०च्या दशकात सुरू झाली. पृष्ठभागावरच्या, शेपटीकडच्या गाठींना ती उत्तम. तिच्यात हाताचा स्पर्श नसतो, म्हणून जागा आधीच पक्की ठाऊक असलेलीच बरी. नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे सुपर स्पेशालिटी रुग्णालय, मिहानचे एम्स आणि काही खासगी रुग्णालये आहेत. त्यांतून निवडताना तिथे स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रिया किती नियमित होतात, हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा, कारण या अवयवावरील शस्त्रक्रियांचे यश संस्थेच्या सरावावर फार अवलंबून असते. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत ही शस्त्रक्रिया बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधीच विचारून घ्यावे.

गाठ निघाल्यावर साखर चढू लागते. इन्सुलिन रक्तात काही मिनिटेच टिकते, त्यामुळे बदल बहुधा टेबलावरच दिसतो. पण चढली म्हणजे सर्व गाठी निघाल्या, अशी खात्री त्यातून मिळत नाही. पुढचे काही दिवस साखर दोनशेच्या घरात जाते आणि नातेवाइकांना घाम फुटतो: लो शुगरसाठी आणले आणि आता मधुमेह झाला! कारण साधे आहे. गाठीने वर्षानुवर्षे एवढे इन्सुलिन ओतले की उरलेल्या निरोगी बीटा पेशी काम विसरल्या. त्यांना जागे व्हायला काही दिवस, कधी दोन आठवडे लागतात. वॉर्डातली एक सवय इथे घातक ठरते. शस्त्रक्रियेआधीची ग्लुकोज सलाइन तशीच चालू राहते आणि साखर आणखी वर जाते. ती वेळीच बंद करायची आणि गरज पडली तर थोडे दिवस इन्सुलिन द्यायचे. पूर्वीच्या आजारामुळे 'इन्सुलिन' हा शब्द ऐकूनच घाबरणाऱ्या रुग्णाला हे समजावून सांगावे लागते.

या शस्त्रक्रियेचा खरा उपद्रव म्हणजे स्वादुरस गळणे. गाठ सोलताना उघड्या पडलेल्या बारीक नलिकांतून पाचक रस पाझरतो. म्हणून पोटात नळी ठेवलेली असते. तिसऱ्या दिवशी किंवा नंतर नळीतल्या पाण्यातले अमायलेज हे पाचक द्रव्य रक्तातल्या वरच्या मर्यादेच्या तिपटीहून अधिक निघाले तर गळती आहे असे धरतात. नुसता आकडा वाढला आणि रुग्ण ठणठणीत असला, तर त्याला आता फिस्टुला, म्हणजे उपद्रवी गळती, असेही म्हणत नाहीत. २०१६च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येने ती पायरी वेगळी केली. ताप, पोटदुखी, राखाडी-गढूळ पाणी ही काळजीची चिन्हे. सोलून काढण्यात मोठ्या कापणीपेक्षा ही गळती होण्याचा संभव कमी नसतो, उलट अधिकच असतो. बहुतेक वेळा नळी आणखी काही आठवडे ठेवली की गळती आपोआप बंद होते. असा रुग्ण नळीसकट उमरेडला घरी जाऊ शकतो, फक्त रोज किती पाणी आले आणि कोणत्या रंगाचे, हे वहीत लिहायचे आणि नळी ओढली जाणार नाही अशी कमरेला बांधायची. नळीतून अचानक रक्त आले, तर वाट न पाहता नागपूर गाठायचे.

खाणे पातळापासून सुरू होऊन मऊ वरण-भात, खिचडी, दही अशा क्रमाने वाढते. तेल-तिखट काही आठवडे दूर; सावजी रस्सा बराच नंतर. इथे एक जुनी सवय मोडावी लागते. वर्षानुवर्षे दर दोन तासांनी खाल्लेल्या माणसाला उपाशी राहण्याची धास्ती वाटते, आणि गाठ गेल्यावरही तो खातच राहतो. रात्रीचा गजर बंद करणे हा बरे होण्याचाच भाग. बहुतेकांचे वाढलेले वजन मग उतरते. जड उचलणे सहा आठवडे टाळतात. मिरगीच्या गोळ्या चालू असतील तर त्या मनाने सोडायच्या नाहीत, डॉक्टर हळूहळू कमी करतात. स्मरणशक्ती आणि वागणे बहुतेकांत सुधारते. मात्र मेंदू फार काळ, फार खोल उपाशी राहिला असेल तर काही नुकसान मागे उरते.

प्लीहा काढावी लागली असेल तर आयुष्यभराची एक सावधगिरी येते. न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिमोफिलस या जंतूंच्या लसी शक्यतो शस्त्रक्रियेच्या दोन आठवडे आधी, नाहीतर नंतर घ्यायच्या. ताप आला की 'बघू उद्या' नाही. त्याच दिवशी प्रतिजैविक आणि तपासणी. प्लीहा नसलेल्या माणसाला हिवताप अधिक जड जातो, आणि पूर्व विदर्भातल्या जंगलपट्ट्यात हिवताप अजून आहे.

काढलेल्या गाठीचा पॅथॉलॉजी अहवाल जपून ठेवावा. त्यात पेशींच्या वाढीचा वेग सांगणारा केआय-६७ हा आकडा असतो: तीन टक्क्यांखाली पहिली श्रेणी, वीसपर्यंत दुसरी, त्यावर तिसरी. गाठ यकृतात पसरलेली असेल तर उपचार पूर्ण वेगळे होतात: यकृतातील गाठी काढणे किंवा त्यांचा रक्तपुरवठा तोडणे, एव्हेरोलिमस, ल्युटेशियमची किरणोत्सारी औषधे. शस्त्रक्रिया झेपणारच नसेल अशा वृद्धांत एंडोस्कोपिक सोनोग्राफीच्या मदतीने सुईतून गाठ जाळण्याचा पर्याय अलीकडे आला आहे.

एकट्या गाठीच्या रुग्णांत आजार परतण्याचे प्रमाण थोडे असते. मेयो क्लिनिकने १९९१मध्ये छापलेल्या २२४ रुग्णांच्या पाहणीत सर्व रुग्ण धरून ते दहा वर्षांत सहा टक्के आणि वीस वर्षांत आठ टक्के होते. ज्यांना एमईएन-१ हा आनुवंशिक विकार होता, त्यांच्यात ते २१ टक्क्यांवर गेले. अशा रुग्णांत गाठी अनेक असतात, पॅराथायरॉइड आणि पिट्युटरी ग्रंथीही बिघडतात. म्हणून तरुण वयात इन्सुलिनोमा झालेल्या, एकाहून अधिक गाठी असलेल्या किंवा घरात मूतखडे आणि रक्तातले कॅल्शियम वाढल्याचा इतिहास असलेल्या प्रत्येक रुग्णाचे कॅल्शियम, पॅराथॉर्मोन आणि प्रोलॅक्टिन तपासतात, शक्यतो शस्त्रक्रियेआधीच, कारण त्यावरून शस्त्रक्रियेचा बेत बदलतो. विकार सिद्ध झाला तर तो प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी असते, आणि मुलांची जनुकीय तपासणी त्यांना पहिला झटका येण्याची वाट न पाहता करता येते.